माझ्या अकरा तपासण्या आणि त्याची एक

धाकट्या जावेला उलट्या सुरू झाल्या ना, तेव्हा मी बाथरूमच्या बाहेर उभी राहून त्या मोजायचे. खरंच. सकाळी तीन, जेवल्यावर एक, आणि लसणाची फोडणी बसली की आणखी एक वरून. हातात लिंबूपाण्याचा ग्लास, चेहरा काळजीचा, आणि आतून एकच चालू: ही माझी उलटी आहे. ही मला यायला पाहिजे होती. साडेतीन वर्षं मी रांगेत उभी आहे आणि ही काल आली नि पुढे घुसली.

आता एवढं सांगितलंच आहे तर सगळंच सांगते, मला अर्धवट सांगता येत नाही.

मी शिरपूरकडची. लग्न करून आले रावेर तालुक्यात, केळीवाल्यांच्या घरात. घरात सासू-सासरे, नवरा, दीर. नवऱ्याचं केळीचं पॅकिंग हाऊस आहे. आमच्या आणि आजूबाजूच्या बागांतला माल तिथं येतो, धुतला जातो, पेट्यांत भरतात, आणि मग तो गार कंटेनरमधून बंदराकडे जातो. मागच्या मे महिन्यात दिराचं लग्न झालं. मुलगी वरणगावची, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, बावीस वर्षांची, सारखी हसणारी. "ताई, ताई" करत माझ्यामागे फिरायची. मला ती आवडायची सुद्धा. दिवाळीपर्यंत आवडायची.

दिवाळी झाली आणि एक दिवस तिनं मला स्वयंपाकघरात फ्रीजच्या मागे ओढलं आणि कानात म्हणाली, "ताई, दोन रेघा आल्यात का बघा ना."

सगळ्यात आधी मला. सासूला नाही, तिच्या नवऱ्यालाही नाही. का, तर "तुम्हाला ती पट्टी बरोबर वाचता येते, म्हणून." येते ना! मी इतक्या पट्ट्या वाचल्यात की दिवा लावायचीही गरज नाही मला. फक्त दोन रेघा कधी पाहिल्या नव्हत्या. पाहिल्या, त्या तिच्या.

"आल्यात," मी म्हटलं. "अभिनंदन." आणि मग गच्चीवर जाऊन वाळत घातलेले कपडे, अजून ओले होते तरी, सगळे काढून आणले.

त्या दिवसापासून घराची चालच बदलली. सासूबाई मला म्हणायच्या, "मोठे, तिले वजन उचलू देऊ नको." "मोठे, तिले काय खावंसं वाटतं इचार." एप्रिलमध्ये उडदाचे पापड केले तेव्हा पीठ मी कुटलं, तेल लावून लावून माझे हात दुखून आले, आणि लाट्या कोणी खाल्ल्या? ती पाटावर बसून एकेक लाटी उचलायची, तेलात बुडवायची आणि डोळे मिटून खायची. सासूबाई तिच्याकडे अशा बघायच्या जसं माझ्याकडे कधीच नाही बघितलं. मीही खाल्ली एक. "तू कशाले खाते, तुले काय डोहाळे हायेत?" सासूबाई हसून बोलल्या. त्या हसून बोलल्या म्हणून मला पण हसावं लागलं. मी तिचे व्हॉट्सॲप स्टेटस म्यूट केले. सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले तेव्हा, देवाशप्पथ, मला थोडं बरं वाटलं. सुंदर पाय होते तिचे.

आणि माझं काय चाललं होतं? तपासण्या. थायरॉइड, शुगर, प्रोलॅक्टिन. अंडी किती उरलीत ते बघायची रक्ताची एक. मग दोन महिने पाळीच्या नवव्या, अकराव्या, तेराव्या दिवशी सोनोग्राफी, अंडं वाढतंय का ते बघायला. मग नळ्यांचा एक्स-रे, म्हणजे आत औषध सोडतात आणि ते नळ्यांतून पुढे जातंय का ते पडद्यावर बघतात. त्याला थोडं दुखेल म्हणाले. थोडं! मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की नर्सला माझी बोटं सोडवावी लागली. सगळ्या मिळून अकरा झाल्या. आणि अकराच्या अकरा नॉर्मल.

तुम्हाला वाटेल नॉर्मल म्हणजे आनंद. नाही हो. नॉर्मल आलं की सासूबाईंचा चेहरा पडायचा. "मंग सापडत काहून नाई?" म्हणजे माझ्यात काहीतरी आहे हे पक्कंच होतं, फक्त डॉक्टरला ते हाती लागत नव्हतं. आईचा फोन यायचा, ती आमच्या अहिराणीत विचारायची, "बठ्ठ्या तपासण्या तुन्याच का व बेटा? जवाईसले काय डाक्टर दिसत नही का?" बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. मी म्हणायचे, आई, हळू बोल, स्पीकरवर आहे. स्पीकरवर नसायचीच. मला त्या प्रश्नाची भीती वाटायची, कारण एकदा मी तो नवऱ्याला विचारला होता, तर तो हसला होता. "मला काय झालंय? दोन-दोन पेट्या उचलतो एका वेळेला."

मग एप्रिलच्या शेवटी जळगावला एका नव्या डॉक्टरबाईंकडे गेलो. आता दुर्बिणीतून बघायचं, असं आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणजे भूल देऊन, पोटाला छेद देऊन. जळगावच्या बाईंनी माझी फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली, मग उलटी चाळली.

"यांचा रिपोर्ट कुठंय?"

नवरा पंख्याकडे बघायला लागला.

"अकरा तपासण्या यांच्या, आणि तुमची एक नाही? अहो, सगळ्यात सोपी तुमचीच असते. ना सुई, ना भूल. ती सगळ्यात आधी करायची. कारण दोघांपैकी कुणाकडेही असू शकतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यांचा रिपोर्ट आल्याशिवाय मी तुम्हाला दुर्बीण लावणार नाही."

मला त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली.

लॅब खालच्याच मजल्यावर होती, नमुना द्यायला वेगळी खोली सुद्धा होती. पण आम्ही दार उघडलं तर समोर बाकावर आमच्याच तालुक्यातला एक केळीवाला, बायकोसोबत. माझ्या नवऱ्याला माल देणारा. दोघांची नजरानजर झाली आणि दोघंही एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. दुसऱ्या मिनिटाला माझा नवरा जिन्यात.

"घरून आणून देऊ," तो म्हणाला. "इथं नाही. उद्या हा बागेत विचारेल, भाऊ, काय निघालं?"

"तो पण आलाच होता ना तिथं?"

"त्याचं तो बघंल."

मग मीच आत जाऊन डबी आणि सूचनांचा कागद घेतला. फॉर्मवर नंबर माझा लिहायला लावला त्यानं. कागद त्यानं घडी करून पँटच्या खिशात घातला आणि दोन दिवसांनी पँट धुतली गेली. आम्हाला फक्त एवढं आठवत होतं की तीन दिवस जवळ यायचं नाही आणि मग नमुना एका तासात पोहोचवायचा. आणि आमच्या गावाहून जळगाव दीड तास, मध्ये ट्रॅक्टर लागले की दोन. त्यात मे महिना, पंचेचाळीस डिग्री.

नवऱ्यानं विचार केला आणि चेहरा एकदम उजळला. पॅकिंग हाऊसमधून थर्माकोलचा डबा घेऊन आला, त्यात बर्फ.

"अगं, आपली केळी गार केली की वीस-वीस दिवस समुद्रात राहते, उतरताना कच्चीच्या कच्ची! हे तर जळगावच आहे."

आणि मला पटलं. हेच तर आहे, मला पण पटलं! बारावी सायन्स झालेली मी! पण ज्या घरात दिवसभर एकच ऐकू येतं, माल तापू देऊ नका, माल तापला की गेला, तिथं राहून माझं डोकं पण केळीचंच झालं होतं. मी ती डबी पिशवीत गुंडाळून बर्फात खोल खुपसली, डबा मांडीवर घेतला आणि भुसावळ ओलांडेपर्यंत चार वेळा झाकण उघडून बर्फ वितळला तर नाही ना ते पाहिलं. लॅबच्या दारात डबी पुसून पर्समध्ये टाकली, डबा गाडीत ठेवला, तो पण गाडीतच बसला. काउंटरवर गर्दी होती. किती वेळ झाला म्हणून विचारलं, मी म्हटलं एक तास. खोटं.

संध्याकाळी रिपोर्ट माझ्या फोनवर आला. सोमवार होता. शुक्राणूंची संख्या ठीक. आणि पुढे, हालचाल: शून्य.

मी तीनदा वाचलं. आणि मला जे वाटलं ते लिहिताना आत्ता पण हात थांबतोय, पण लिहिते. मला आनंद झाला. पाय हलके झाले माझे. मी नाही. मी नाही! मग लगेच स्वतःची लाज वाटली, मग परत आनंद, असं आलटून पालटून. त्याला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ स्क्रीन मोठी-लहान करत राहिला. "शून्य म्हणजे?" "म्हणजे हलत नाहीत." त्या रात्री तो जेवला पण नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅबला फोन लावला. खरं तर खात्री करायला लावला, की शून्य म्हणजे शून्यच ना. तिथल्या माणसानं विचारलं, "ताई, नमुना कसा आणला होता?"

"नीट आणला होता. बर्फात."

पलीकडून त्यानं हसू गिळल्याचा आवाज आला. "बर्फात नाही हो ताई. अंगाच्या उबेत ठेवायचा असतो, खिशात, शर्टाच्या आत. गारव्यानं हालचाल बंद पडते. आणि वेळ किती लागला, खरं सांगा?"

"दोन तास."

"मग तो रिपोर्ट धरूच नका. साहेबांना इथंच घेऊन या, परत करू."

फोन ठेवला. आणि मी नवऱ्याला सांगितलं नाही.

त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पाच दिवस नाही. का? कारण तो बदलला होता. जेवल्यावर स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवायला लागला. पारावर जाऊन बसणं बंद. आणि बुधवारी, मी भाकरी थापत होते, तर दाराला टेकून उभा राहिला आणि एकदम म्हणाला, "त्या एक्स-रेला लई दुखलं होतं का तुला?" वर्ष झालं होतं एक्स-रेला. वर्षभरात पहिल्यांदा. माझी भाकरी तव्यावर पडता पडता दुमडली. मी म्हटलं, "हो. लई." तो "हं" म्हणाला आणि तिथंच उभा राहिला, भाकऱ्या संपेपर्यंत.

आता सांगा, हे मी कसं सोडणार? मी तोपर्यंत जावेचा हेवा केला होता, पण खरं तर त्याचा पण करत होतेच. साडेतीन वर्षं तो किती हलका झोपायचा! कुणी त्याला विचारत नव्हतं, कुणी त्याचं पोट बघत नव्हतं. मला वाटलं, थोडे दिवस तू पण बघ.

रविवारी जावेचं डोहाळजेवण होतं. अंगणात मांडव, झेंडूनं सजवलेला झोपाळा, कूलर लावलेले दोन. ती हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून, आणि इतकी छान दिसत होती की मला रडू येत होतं. ओटी भरणाऱ्या बायकांची यादी सासूबाईंनी आदल्या दिवशीच केली होती, सगळ्या लेकुरवाळ्या. मला म्हणाल्या, "तू फोटो काढ, तुले चांगले येतात." मी फोटो काढत होते. दोन वाट्या झाकून आणल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी, तिनं उचलली, पेढा निघाला, मुलगा मुलगा म्हणून सगळ्या ओरडल्या. मी तो फोटो हलवला. मुद्दाम.

तेवढ्यात चुलत सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, त्यांना हळू बोलताच येत नाही, "धाकटीनं तं नंबर लावला. मोठीचं काय व, आजूक तपासण्याच का?"

सासूबाई ओटीचं तबक सारखं करत म्हणाल्या, "काय सांगू माय. हिच्यातच कायतरी हाये. डॉक्टरले सापडत नाई."

नवरा तेव्हा पाण्याचा जार खांद्यावर घेऊन मांडवात शिरत होता. त्यानं जार खाली ठेवला.

"आई, तिच्यात काही नाही. माझ्यात हाये."

झोपाळा थांबला. कूलर तेवढे चालू.

"काय बोलतो रे? ऊन लागलं का तुले?"

"माझा रिपोर्ट आलाय सोमवारी. माझ्यात हाये दोष. आता तिला कोणी काही बोलायचं नाही."

एवढं बोलून तो सरळ बाहेर गेला, पॅकिंग हाऊसकडे. चुलत सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, पण वेगळ्या नजरेनं, बिचारी, केवढं सोसलं हिनं. दोन सेकंद, जास्त नाही, मला ते इतकं गोड लागलं! झोपाळ्यावर ती बसली होती आणि बघत सगळ्या माझ्याकडे होत्या. आणि मग मला त्या नजरा नको झाल्या. कारण त्यानं चाळीस बायकांसमोर जे स्वतःवर घेतलं ते खरं आहे की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते माहीत नाही हे फक्त मला माहीत होतं.

फोन हातात तसाच धरून मी पळत गेले. तो धुण्याच्या हौदाशी उभा होता, नळ सोडून हात धूत.

"अहो, तो रिपोर्ट चुकीचा आहे."

"आता ते पुसून टाकू नको. बोललो ते बोललो."

"पुसून टाकत नाही. खरंच. बर्फामुळं झालं ते. गार नसतं करायचं, उबेत ठेवायचं असतं. लॅबवाल्यानं सांगितलं. परत द्यायचं, तिथंच जाऊन."

त्यानं नळ बंद केला. "कधी सांगितलं त्यानं?"

मी खाली बघितलं. "मंगळवारी."

"आज रविवार हाये."

"हो."

"का नाही सांगितलं?"

मी काहीतरी बरं बोलू शकले असते. विसरले, कामात राहिलं, योग्य वेळ बघत होते. पण तोंडातून निघालं ते हे: "तुम्ही एक्स-रेचं विचारलं ना. मला अजून दोन-चार दिवस तसंच पाहिजे होतं."

तो ओले हात शर्टाला पुसत निघून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पाहुण्या गेल्यावर जाऊ माझ्या खोलीत आली. फुलांचे दागिने कोमेजले होते, डोळे लाल. "ताई, माझं डोहाळजेवण होतं ना? आणि सगळ्या तुमचंच बोलत होत्या. एक फोटो पण धड नाही आला माझा." आणि हुंदके देऊन रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं, पाठीवर हात फिरवला, सॉरी म्हटलं. सॉरी खरं होतं. पण ती माझ्यावर जळतेय हे कळल्यावर आतून जे गार गार वाटलं, ते पण खरं होतं. काय करू मी?

नवरा तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी सकाळी म्हणाला, "आवर. जळगावला जायचंय." लॅबमध्ये आम्ही बाकावर बसलो. या वेळी ओळखीचं कुणी नव्हतं, आणि असतं तरी तो उठला नसता असं मला वाटलं. आमच्या आधी दोघं होते. तो समोर बघत, हळू आवाजात म्हणाला, "त्या पाच दिवसांत बरं वाटलं का तुला?"

"हो."

"लई?"

"लई."

त्यानं मान हलवली, जणू कुणी मालाचा भाव सांगितला आणि त्याला तो अंदाजे माहीतच होता. मग त्याला बोलावलं आणि तो आत गेला.

रिपोर्ट आला. शून्य नव्हता. पण पुरेसा पण नव्हता, हालचाल कमी. डॉक्टरबाई म्हणाल्या, घाबरायचं काही नाही, तीन महिने गोळ्या, तंबाखूची पुडी आजपासून बंद, मग परत तपासू. आणि माझ्या दुर्बिणीचं आता नाव काढायचं नाही. मी बाहेर येऊन जिन्यातच बसले थोडा वेळ. तो शेजारी उभा राहिला. "म्हणजे मांडवात मी अगदीच खोटं नाही बोललो," म्हणाला. आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसला, वाकडं, पण हसला.

घरी त्यानं एवढंच सांगितलं, गोळ्या दिल्यात. मला वाटलं आता याला पण कळेल, टोमणे काय असतात, देवदेव काय असतं. माझ्या वेळी सासूबाईंनी मला सोमवार धरायला लावले होते, वर दर सकाळी कुणीतरी सांगितलेला कडू काढा, नाक दाबून प्यायचा. मी वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी सासूबाई खारीक-बदाम कुटायला बसल्या. साजूक तूप, उडदाचं पीठ, वेलची. एवढाले लाडू वळले आणि डबा त्याच्या उशाशी ठेवला. "खाय रे बाबा. कामानं किती वाळला तू."

सांगा! माझ्यात दोष होता तेव्हा उपास, आणि त्याच्यात निघाला तर लाडू!

मी खोलीत जाऊन त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले. तो गोळी गिळत होता. माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि डबा माझ्याकडे सरकवला.

मी एक खाल्ला. मग दुसरा घेतला. तो म्हणाला, "आई विचारेल, संपले कसे."

"सांगा मी खाल्ले," मी म्हटलं, तोंड भरलेलं होतं. "सांगा की तपासणी दोघांची आहे."

सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी विचारलं. त्यानं सांगितलं. त्यांनी उठून परत खारका काढल्या. या वेळी दुप्पट.